बांधावर झाड लावू नका

या अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा म्हणाले, ‘काकू, बागकामावर काहीतरी हलकंफुलकं द्या ना. आपल्या मंडळातल्या बायकांना कुंड्याबिंड्यांची फार हौस.’ मी फोन आपटला नाही, वयानं माझ्यात एवढीच काय ती सुधारणा झाली आहे. पूर्वी आपटला असता. कुंड्याबिंड्या! सगळी हयात ज्या धंद्यात घातली, त्याला पंचाऐंशी टक्के लोक कुंडी म्हणतात आणि उरलेले बिंडी म्हणतात.

तेव्हा आधीच सांगते, हे हलकंफुलकं नाही. हलकंफुलकं हवं असेल त्यांनी पान उलटून पाककृतींकडे जावं. मला एका माणसाबद्दल सांगायचं आहे आणि त्याच्याबद्दल बोलताना माझ्या तळपायाची आग अजूनही मस्तकात जाते.

पण आधी धंदा समजावून देते, नाहीतर राग कशाचा ते कळणार नाही. आमच्या कामाला लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात. कोणी मराठीत भूदृश्यरचना म्हणतं, जबलपुरात मला ‘बगीचेवाली दीदी’ म्हणत. घर बांधणाऱ्याचं काम भिंतीपाशी संपतं. तिथून पुढे जी जमीन उरते ती आमची. पावसाचं पाणी कुठून वाहावं, उताराची माती कशानं धरावी, दुपारी सावली कुठे पडावी, माणसं कुठून चालतील आणि कुठून चालू नयेत, हे सगळं आम्ही ठरवतो. फूल हे त्यातलं सगळ्यात शेवटचं. नीट केलेलं काम दिसतच नाही आणि जे दिसत नाही त्याला आपल्याकडे पदही नसतं आणि खुर्चीही नसते.

माझे वडील अमरावतीकडचे. रेल्वेच्या नोकरीत जबलपूरला आले आणि इथलेच झाले. मी मुंबईत आर्किटेक्चर शिकले, मग शिष्यवृत्तीवर इंग्लंडात जाऊन हे शिक्षण घेतलं आणि केंद्र सरकारच्या इथल्या बांधकाम कार्यालयात चिकटले. माझ्या विषयाचं पद मंजूर पदांच्या यादीतच नव्हतं, म्हणून मला साध्या आर्किटेक्टच्या जागेवर घेतलं. वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘मैडम, आपने विलायत में माली का काम सीखा?’ मी म्हटलं, ‘जी नहीं, जमीन का.’ ते समजले की मी पटवारी आहे.

खासगीत कोणी विचारलं तर सल्ला देत असे. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातले एक कापडाचे व्यापारी मला त्यांच्या नव्या बंगल्यावर घेऊन गेले होते. मे महिना, अंगणात तवा तापावा तशी जमीन तापलेली आणि शेटजींना मुलीच्या लग्नापर्यंत हिरवंगार लॉन हवं. मी म्हटलं, या उन्हात गवत धरणार नाही, पाऊस पडू द्या. ते म्हणाले, ‘बहनजी, घास ही तो है, कौन-सा ताजमहल बनाना है.’ शेवटी त्यांनी आपल्याच दुकानातलं हिरवं कापड अंगणभर अंथरलं आणि पाहुण्यांनी त्यावर चपला काढून फोटो काढले. त्यांचा मला राग आला नाही. निदान कापड तरी त्यांचं होतं.

राग येतो तो शिकलेल्यांचा. कारखान्यांच्या वसाहतींत साहेबांची पाहणी असली की काय व्हायचं, हे जुन्या जबलपूरकरांना सांगायला नको. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, रस्त्याकडेच्या प्रत्येक दगडाला चुना. फुललेल्या कुंड्या ट्रकमध्ये भरून साहेबाच्या गाडीपुढे धावायच्या. साहेब दवाखान्यात पोचायचे तेव्हा तिथे शेवंती, शाळेत पोचायचे तेव्हा तीच शेवंती शाळेत. एकदा एका साहेबांनी म्हणे विचारलं होतं, की इथल्या लोकांना शेवंतीशिवाय दुसरं काही आवडत नाही का? या कुंड्या पळवायचं काम ज्यांच्यावर टाकलं जाई, ते वानखेडे.

दामोदर वानखेडे वर्ध्याकडचे, नागपूरच्या कृषी महाविद्यालयाचे पदवीधर. पहिल्या उमेदीत, जर्मनी-जपानविरुद्धच्या लढाईच्या वेळी, ते आसामात लष्करी विमानतळांवर होते. धावपट्टी वरून दिसू नये म्हणून कुठे कसलं गवत वाढवायचं, कुठली झुडपं कशी विखरून लावायची, हे ते तिथे एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून शिकले. पुढे इथल्या दारूगोळ्याच्या एका कारखान्यात लागले. कारखान्याचं नाव लिहीत नाही, इथे ते कोणाला सांगावंही लागत नाही. ती सगळी वसाहत त्यांनी आखली. पावसाळ्यात तिथे कधी पाणी तुंबलं नाही. पदाचं नाव मात्र बाग पर्यवेक्षक, आणि बसायची जागा स्टोअरमध्ये फावड्यांच्या शेजारी.

आमचा संघ त्यांच्याच क्वार्टरमध्ये सुरू झाला. संघ म्हणजे पाचसहा माणसं. कोणी छावणीत, कोणी भिलाईच्या वसाहतीत, सगळे कुठल्या तरी इंजिनिअरच्या हाताखाली आणि कुठल्या तरी चुकीच्या पदावर. जमेल त्या रविवारी भेटायचं, एकमेकांचे नकाशे तपासायचे, कोणावर चौकशी लागली तर त्याच्या बाजूनं उभं राहायचं, आणि दिल्लीला अर्जामागून अर्ज करायचे, की या कामाचं स्वतंत्र पद निर्माण करा. वानखेड्यांच्या घरी सिंधुवहिनी भरडा वडे करायच्या. मी सचिव झाले, कारण टाइप मला येत होतं आणि भांडताही येत होतं.

अशी आमची वाटचाल चालली होती, तेवढ्यात एकाहत्तर साल उजाडलं. पूर्वेकडे धुमसायला लागलं होतं आणि लढाई होणार हे जबलपुरात सगळ्यांच्या आधी कळायचं, कारण कारखान्याचे भोंगे वाढायचे. दोन पाळ्यांच्या तीन झाल्या, सायकलींचे लोंढे दिवसभर वाहू लागले.

आता त्या बांधांबद्दल सांगायला हवं. जिथे दारू भरतात, त्या प्रत्येक शेडभोवती मातीचा उंच बांध असतो. आत काही झालंच तर स्फोट आडवा न जाता वर जावा, शेजारच्या शेडला लागू नये, म्हणून. तो बांध नुसत्या मातीचा राहिला तर दोन पावसाळ्यांत वाहून जाईल, म्हणून त्यावर हरळी लावतात. बस, हरळीच. दगड नको, कारण तो उडेल. झाड तर नकोच नको. खोड उडेल, मुळांच्या वाटेनं पाणी शिरून बांध खचेल, सावलीत हरळी मरेल आणि वाळलेला पाला पेट घेईल. वानखेड्यांनी नर्मदेवरच्या तिलवारा घाटाच्या काठावरून पोत्यांत भरून हरळीची मुळं आणली होती आणि वर्षानुवर्षं ते बांध तळहातासारखे जपले होते. उगवलेलं प्रत्येक रोप ते स्वतः उपटत, माळ्यांवर सोपवत नसत.

त्या पावसाळ्याच्या तोंडी वरून हुकूम आला, की कारखाना आकाशातून दिसू नये अशी व्यवस्था करा. हुकूम बरोबरच होता. वानखेड्यांना तर वाटलं, आपल्या शिक्षणाचा दिवस उगवला. त्यांनी कारखान्याचं बांधकाम बघणाऱ्या इंजिनिअर साहेबांना जाऊन सांगितलं, की सगळ्यात आधी चुना बंद करा. पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा चांदण्यात वरून रांगोळीसारख्या दिसतील. रस्त्याकडेचं गवत वाढू द्या, मोकळ्या मैदानात झुडपं विखरून लावा, शेडपासून लांब. साहेब म्हणाले, ‘चूना बंद? इंस्पेक्शन में क्या दिखाएँगे?’

लढाई परवडली, पण चुना थांबणार नाही, असा तो माणूस.

मग साहेबांनी काय केलं ते ऐका. नकाशात झाड दाखवायला आम्ही एक गोल काढतो आणि त्याला पानांची कड देतो. एकेक गोल काढताना माणूस विचार करतो, की हे झाड इथे का. इंजिनिअर साहेबांना तेवढा वेळ नव्हता. त्यांनी बाजारातल्या शिक्केवाल्याकडून झाडाचा रबरी शिक्का बनवून घेतला आणि टेबलावर नकाशा पसरून ठप ठप ठप मारत सुटले. शेडभोवती दाट झाडी दिसली पाहिजे, म्हणून बांधांवर तर शिक्क्याला शिक्का लागेल असे मारले. खाली सही केली. आमच्या शास्त्राबद्दल या लोकांची कल्पना ही अशी, शाई लावली की जंगल उभं राहतं!

रोपं आली ती निलगिरीची, झटपट वाढते म्हणून. तेलकट पाल्याचं झाड, दारूच्या शेडभोवती! वानखेड्यांनी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं नाही. मग बाहेरून एक फार मोठे साहेब आले आणि त्यांच्या हस्ते वृक्षारोपण ठरलं. रस्त्याकडच्या पहिल्याच बांधावर मांडव पडला, बँड वाजला, साहेबांनी चांदीच्या झारीनं पाणी घातलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर आल्या आल्या वानखेड्यांनी ते रोप मुळाशी मातीचा गड्डा ठेवून अलगद काढलं आणि मुख्य कार्यालयासमोरच्या हिरवळीवर नेऊन लावलं. पाणीही घातलं. रोप जगलं, हो! तरीही त्यांना निलंबित केलं. आरोप काय, तर युद्धाच्या तयारीत जाणूनबुजून अडथळा आणला आणि वरिष्ठांचा अपमान केला.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण तेव्हाची हवा तुम्ही आठवा. रेडिओवर दिवसरात्र देशभक्तीची गाणी, चौकात जो तो हेर शोधतोय. क्वार्टरच्या ओळीत कुजबूज सुरू झाली, की वानखेडे फुटले आहेत, पैसे खाऊन झाडं उपटतात. मी गेले तेव्हा सिंधुवहिनी दार लावून बसल्या होत्या.

‘या बाई,’ त्या म्हणाल्या. ‘दार काहून लावलं म्हनाल तर समोरची पोट्टी येऊन ‘पाकिस्तानी, पाकिस्तानी’ ओरडून राहिली. अन् त्यायच्या माया घरात बसून हसून राहिल्या. काल हळदीकुंकू होतं त्या लाइनीत. मले बलावलं नाही.’

वानखेडे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मला म्हणाले, ‘चौकशीत मले एक मदतनीस नेता येते म्हने, सरकारी नोकर पाहिजे. तुमी याल का?’

मी म्हटलं, ‘मला बोलावलं नसतं तर मी भिंत फोडून आले असते.’

चौकशी कारखान्यातल्या एका बैठ्या खोलीत झाली. चौकशी अधिकारी दुसऱ्या विभागाचे, सभ्य गृहस्थ, पण त्यांना झोप आवरत नव्हती. कारखान्यातर्फे इंजिनिअर साहेब स्वतःच बोलत होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘वानखेड़े, आप माली हैं या इंजीनियर?’

‘दोन्ही नाही साहेब,’ वानखेडे मराठीतच म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, ‘ज़मीन का काम करता हूँ. लँडस्केप.’

‘ऐसी कोई पोस्ट है इस फैक्टरी में?’

‘नहीं है.’

‘तो जो पोस्ट है ही नहीं, उस पर बैठकर आप ड्रॉइंग गलत बताएँगे?’

मी उठून म्हणाले, की प्रश्न पदाचा नाही, बांधाचा आहे. सुरक्षेचे नियम असतीलच, ते पुस्तक समोर आणा आणि त्यात बांधावर काय लावावं असं लिहिलंय ते वाचा. इंजिनिअर साहेब म्हणाले, पुस्तक गोपनीय आहे. वानखेड्यांनाही ते वाचता येणार नाही, बाहेरच्या कार्यालयातल्या बाईंना तर नाहीच. मग मी सुरक्षा अधिकाऱ्यांना साक्षीला बोलवा म्हटलं. ते आले, डोळे जमिनीला लावून बसले आणि म्हणाले, की हा विषय बांधकाम विभागाचा आहे. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, ‘दीदी, आप बिल्कुल सही हैं. मगर मेरे तीन बच्चे हैं.’ शेडमध्ये काम करणाऱ्यांना जणू मुलंच नव्हती! मी त्यांना तिथेच सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा पाजला. अशा माणसांचं काय करायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पावसाळा सरला. वानखेड्यांच्या माघारी सगळ्या बांधांवर लावलेली निलगिरी गुडघ्याच्या वर गेली आणि खालची हरळी पिवळी पडायला लागली. लढाई आता दारात होती. अशात एके दिवशी इंजिनिअर साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. बिस्किटं पुढे केली.

‘मैडम, बात खत्म करते हैं. इस वक्त किसी को बर्खास्त करना हमें भी अच्छा नहीं लगता. वानखेड़े जी इतना लिख दें कि मैं माली हूँ, ड्रॉइंग पढ़ना मुझे नहीं आता, इसलिए गलती हुई. नौकरी बची, क्वार्टर बचा. बस माली की पोस्ट पर रहेंगे.’

मी बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, ‘ज्यांना नकाशा वाचता येत नाही ते कोण, हे तुम्हालाही ठाऊक आहे.’ दार आपटून निघाले. मनातून मात्र मला आनंद झाला होता. साहेब तडजोडीला आले याचा अर्थ घाबरले होते. आता अडून बसलं तर प्रकरण दिल्लीपर्यंत जाईल आणि आमच्या धंद्याला काहीतरी नाव मिळेल, असा माझा हिशेब होता. वानखेडे असं काही लिहून देतील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

त्यांच्या घरी जाऊन मी सगळं रंगवून सांगितलं. सिंधुवहिनी म्हणाल्या, ‘बरं केलं. माळी काहून लिवायचं? आपन गावी जाऊ, शेती पाहू.’ वानखेडे मात्र बिस्किटावर हसले नाहीत.

‘अन् झाडं?’ त्यांनी विचारलं.

‘कसली झाडं?’

‘बांधावरची. मी लिहून देल्लं तर झाडं काढतील का?’

मी चिडले. ‘वानखेडे, तुम्ही काय बोलताय? विषय तुमच्या नावाचा आहे. तुम्ही एकदा माळी म्हणून सही केलीत की आपला संघ संपला. उद्या प्रत्येक साहेब तो कागद दाखवेल, की बघा, यांचा सगळ्यात जुना माणूस स्वतः म्हणतो मला नकाशा कळत नाही!’

‘तुमचं खरं आहे, बाई.’

‘मग?’

‘त्या शेडीत बाया काम करतात. आत जातानी मंगळसूत्र काढतात, बांगडी काढतात, केसातला आकडासुदा ठेवू देत नाही. ठिणगी पडू नये म्हनून. अन् आपन त्यायच्या चहूबाजूनं वाळला पाला लावून राहिलो. दिवाळीनंतर पाला वाळून गळाले लागन. दिल्लीचं उत्तर केव्हा येईन?’

दिल्लीचं उत्तर केव्हा येतं हे मला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

ते दुसऱ्या दिवशी एकटेच साहेबांकडे गेले. मला बरोबर नेलं नाही, कारण मी सही करू दिली नसती. अट एवढीच घातली, की बांधावरची झाडं निघाली पाहिजेत, कोणाच्या का नावानं निघेनात. साहेबांना काय, ते खूश झाले. त्यांनी लगेच स्वतःच्या सहीनं आदेश काढला, की पाहणीत असं आढळून आलं आहे की बांधांवरील झाडं सुरक्षेस बाधक आहेत, ती तत्काळ काढावीत. या सतर्कतेबद्दल त्यांना वरून शाबासकी मिळाली. आयत्या बिळावर नागोबा असतो हे ऐकलं होतं. त्या नागोबाला सरकारी प्रशस्तिपत्र मिळतं हे तेव्हा पाहिलं.

झाडं काढली कोणी? माळी दामोदर वानखेडे यांनी. लढाई सुरू झाली तेव्हा बांध पुन्हा स्वच्छ होते आणि भोंगे सुरू झाले की बाया आत जात होत्या.

मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नाही. मला त्यात अजूनही काही चूक वाटत नाही. ज्या माणसासाठी आम्ही अंगावर शिंतोडे घेतले, त्यानं आमच्या पाठीमागे जाऊन आमच्या धंद्याचं नाक कापून दिलं, असंच मला वाटत होतं. तो कागद पुढे खरोखरच ठिकठिकाणी फिरला. भिलाईच्या आमच्या सभासदाला त्याच्या साहेबानं तोंडावर म्हटलं, ‘तुम्हारे वानखेड़े ने तो खुद मान लिया.’ मी वानखेड्यांच्या क्वार्टरवरून जायची, ते कुंपणाशी उभे दिसले की मान वळवायची. ते मात्र हात जोडायचे. शेवटी सिंधुवहिनी आजारी पडल्या, तेव्हा मी गेले. त्यानंतर बोलणं सुरू झालं, पण त्या कागदाबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

वानखेडे माळी म्हणूनच निवृत्त झाले आणि शहराच्या कडेला रांझीत दोन खोल्या बांधून राहू लागले. संघ संपला नाही. दिल्लीत या विषयाचं शिक्षण सुरू झालं, नवी मुलं-मुली आली आणि आमचे अर्ज जाडजूड होत गेले. पुष्कळ वर्षांनी, माझीही निवृत्ती जवळ आली तेव्हा, दिल्लीनं एकदाची पदं मंजूर केली. कारखान्यांच्या आणि सरकारी वसाहतींसाठी लँडस्केप आर्किटेक्ट! आदेश हातात आला तेव्हा मी कार्यालयात सगळ्यांना पेढे वाटले. मग तो नीट वाचला. जिथे हे काम करणारा जाणकार माणूस आधीपासून नेमलेला आहे किंवा पूर्वी होता, तिथेच पद द्यायचं होतं. आमच्या त्या कारखान्यानं कळवलं होतं, की आमच्याकडे असा माणूस कधीच नव्हता. फक्त माळी होते.

पेढा घशात अडकतो म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. मी कारखान्याच्या कार्यालयात जाऊन भांडले. तिथल्या नव्या साहेबांनी शांतपणे दाखवून दिलं, की वानखेड्यांची शेवटची जागा माळ्याची होती आणि त्यांच्यामागे तीही रद्द झाली. बांधांवरचं गवत कापायला आता दरवर्षी ठेकेदार येतो.

हे सांगायला मी रांझीला गेले. वानखेडे सत्तरीच्या पुढे गेले होते, सिंधुवहिनी तोवर गेल्या होत्या. पदाचं त्यांनी ऐकून घेतलं, आणि मला वाटलं होतं ते हळहळतील, पण ते वेगळ्याच गोष्टीवर अडले.

‘म्हंजे माझ्या जागी कोनीच नाही?’

‘नाही.’

‘ठेकेदार वरून गवत कापते. बी पडून उगवते ते कोन उपटते?’

‘कोणी नाही, वानखेडे. ते कोणाचंच काम नाही आता.’

त्यांनी दाराबाहेरच्या गल्लीकडे बोट केलं. मग म्हणाले, ‘गल्लीतली एक सून त्या शेडीत कामाले आहे. तिनं सांगितलं, बांधावर सुबाभूळ आली, आमच्या डोक्याच्या वर गेली. मी म्हटलं, माझ्या जागी जो असंन तो पाहीन.’ आणि पुढे म्हणाले, ‘तुमी तवा सही करू देत नव्हत्या, ते यासाठीच. मले तवा नाही समजलं.’

हे ऐकायला मी कितीतरी वर्षं थांबले होते. ऐकल्यावर मात्र मला जे झालं त्याला समाधान म्हणत नाहीत. कारण तेही बरोबरच होते. दोघांनाही बरोबर राहता येईल अशी जागाच त्या लोकांनी ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. धुतलेला शर्ट, इस्त्रीची पँट आणि हातातल्या पिशवीत खुरपं. म्हणाले, ‘चला बाई, सायबाले भेटू. सुबाभूळ काढाले सांगू.’

रिक्षानं आम्ही कारखान्याच्या फाटकापाशी गेलो. पहारेकरी तरुण होता, त्यानं आम्हाला ओळखायचं कारणच नव्हतं.

‘चाचा, पास?’

‘पास नहीं है बेटा. रिटायर हूँ. बड़े साहब से मिलना है.’

‘किस काम से?’

‘बाँध पर पेड़ उग आए हैं. निकलवाने हैं.’

त्यानं एकदा खुरप्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग फाटकाची नोंदवही पुढे ओढून त्यानं नाव विचारलं आणि लिहिलं. ‘और पद? क्या थे आप यहाँ?’

वानखेडे ताठ उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘लँडस्केप आर्किटेक्ट,’ ते म्हणाले.

‘वो क्या होता है?’ पोरानं पेन उचललं. ‘माली लिख दूँ?’

‘नहीं,’ मी म्हणाले. इतक्या जोरात, की मागच्या रांगेतली माणसं पुढे डोकावली. ‘जो उन्होंने कहा है, वही लिखो.’

त्यानं विचारत विचारत ते लिहिलं. आत मात्र आम्हाला सोडलं नाही.